ढालीची उजवी बाजू

उल्मेनरोड,
मंगळवार, १० डिसेंबर

प्रिय लुडगर,

तू शुक्रवारी गावात येतोयस. तुझ्या भाचीचा, स्वेन्याचा, फोन आला होता. "मामाला उल्मेनरोडलाच यायचंय," म्हणाली, आणि मला रिसीव्हर हातात धरूनच खाली बसावं लागलं. अठ्ठावीस वर्षांत या घरात तुझं नाव कुणी साधं नाव म्हणून घेतलं नव्हतं. पोरगी अगदी तुझ्यासारखी बोलते, वाक्य अर्ध्यावर सोडते आणि समोरच्यानं ते पुरं करावं म्हणून वाट बघत राहते. तर तू यायच्या आत मला हे लिहायचंच आहे. गावाच्या ढालीपायी तुझ्या नावाला जो बट्टा लागला तो खरा कुणाचा, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि दोघांनीही तोंड उघडलं नाही. तो बट्टा पुसायचा, एवढंच या पत्राचं काम. पण तू मला ओळखतोस. सरळ मुद्द्यावर येईन तर मी गेर्लिंडे कसली! आधी गावची खबर ऐक.

पहिली खबर म्हणजे गाव संपलं. घरं आहेत, चर्च आहे, माणसंही आहेत, चारशे बारा. पण एक जानेवारीपासून आपण डोंगराखालच्या शहराचा एक भाग होणार. एवढ्याशा गावाला स्वतःची कचेरी हवीच कशाला, असं वरच्यांचं म्हणणं. वेशीवरच्या पिवळ्या पाटीवर आपलं नाव राहील, त्याखाली शहराचं येईल. झेंडा संग्रहालयात जाणार आहे, तोही तळघरात. आल्मुटनं गिरणीकडची खानावळ बंद केली. आता पाव आणायला आठवड्यातून दोनदा गाडीची वाट बघतो आपण सगळे, हातात पिशव्या घेऊन. यंदा उन्हाळ्यात ओस्से ओढा पुन्हा फुगला, गिरणीकडच्या तळघरांत गुडघाभर पाणी झालं, आणि आमच्या चर्चकडचे लोक वरून बघत म्हणाले, "बेडकांना कसली आलीय पाण्याची भीती?" म्हणजे बघ, बेडूक अजून बेडूकच आहेत, आणि त्यांच्या लेखी आम्ही अजून मेणबत्त्याच. एवढासा ओढा, पोर उडी मारून पार जाईल, पण इकडची मुलगी तिकडे दिली तर अजूनही आई लग्नात जरा जास्तच रडते. माझा भाऊ हार्टमुट ऐंशीचा झाला. सरपंचपद सोडून बारा वर्षं झाली, गुडघे गेले, आवाज मात्र तोच. हे ऐकून तो खाकरेल. खाकरू दे.

तू पहिल्यांदा आलास तेव्हा शहरातल्या शाळेचा चित्रकलेचा मास्तर होतास आणि गिरणीच्या माडीवर भाड्यानं राहायचास. वीस वर्षं राहिलास तरी 'तो बाहेरचा'. दर रविवारी वही घेऊन हिंडायचास. टेकडीवरच्या चुनखडीत शिंपले सापडतात, गिरणीकडची माती काळी आणि बिटाची, आमची पांढरी आणि गव्हाची, हे आम्हाला इथे जन्मून कधी दिसलं नव्हतं. ते तू दाखवलंस. मठाचा जुना कागद तूच शोधून काढलास, बाराशे सेहेचाळीस सालचा. त्यात आपल्या गावाबद्दल एकच ओळ, दोन शेतं आणि एक गिरणी मठाला दिली अशी. चर्चचा पत्ताच नाही! गिरणीकडचे महिनाभर छाती फुगवून फिरले. हार्टमुट तर म्हणाला, "हा मास्तर त्या बेडकांच्या पाण्यात राहून त्यांच्यासारखा डराव डराव करायला लागलाय." मी हसले होते तेव्हा. मला विधवा होऊन सहा वर्षं झाली होती, चव्वेचाळिशी उलटली होती, आणि त्या कागदाची नक्कल टंकून घ्यायला तू गावकचेरीत माझ्या टेबलाशी आलास की मी खिडकीच्या काचेत केस नीट करून घ्यायचे. तू मला लिंडे म्हणायला लागलास. गावात कुणी मला असं अर्ध्या नावानं हाक मारली नव्हती.

मग साडेसातशे वर्षांचा उत्सव ठरला, आणि गावाला स्वतःची ढाल, म्हणजे ढालीवर रंगवलेलं मानचिन्ह, हवं असं हार्टमुटच्या डोक्यात आलं. आजूबाजूच्या सगळ्या गावांना होती, कुणाला सिंह, कुणाला रानडुक्कर. आपल्याकडे कधी राजा नाही, सरदार नाही. काय घालायचं ढालीवर? अकरा सभा झाल्या. मी प्रत्येक सभेचं इतिवृत्त लिहिलंय, त्यामुळे मला शब्द न शब्द पाठ आहे. चर्चकडच्यांना किल्ली हवी होती, जुन्या लढाईत घंटावाल्याच्या बायकोनं सैनिकांना न देता परकराच्या शिवणीत लपवली ती. गिरणीकडच्यांना चाक हवं होतं. तू म्हणालास, दोन्ही घ्या, मधून ओस्से वाहू द्या. निळ्यावर सोनेरी किल्ली, हिरव्यावर रुपेरी चाक, मध्ये रुपेरी नागमोडी पट्टा. सगळ्यांना पटलं, इतकं ते साधं होतं. आणि लगेच दुसरं भांडण सुरू झालं की मानाची बाजू कुणाची. ढालीची उजवी बाजू मानाची, हे तूच सांगितलंस, आणि सांगून पस्तावलास. शेवटी तोड निघाली. उजवी बाजू चर्चच्या किल्लीला, आणि त्या बदल्यात उत्सवाचा तंबू गिरणीकडच्या कुरणात. आल्मुट म्हणाली, "मान तुम्ही घ्या, बिअर आम्ही विकतो." त्या दिवशी पहिल्यांदाच दोन्हीकडचे एका टेबलाला बसून सॉसेज खात होते. हे तू केलं होतंस, लुडगर, बाहेरच्या माणसानं.

आता मुद्दा. चर्चच्या भिंतीलगतच्या बाकावर तू मला सगळं समजावून सांगितलं होतंस. सोनं आणि रुपं हे धातू, धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ढाल बघणाऱ्याची नसते, धरणाऱ्याची असते. त्याचं उजवं ते आपल्या डोळ्यांना डावं. हे तू मला नक्की सांगितलंस. मी मान डोलावली. पण देवाशपथ सांगते, मी ऐकत नव्हते. तुझ्या अंगठ्याला निळा रंग लागला होता आणि मी त्या अंगठ्याकडे बघत होते, की हा हात आता माझ्या हातावर येणार की नाही. आला. मग तर काय ऐकतेय!

तुझा कागद माझ्या टेबलावर आला मार्चमध्ये. वर छोटंसं रंगवलेलं चित्र, खाली तुझ्या तिरप्या अक्षरात वर्णन. 'उजवीकडे निळ्यावर सोनेरी किल्ली, डावीकडे हिरव्यावर रुपेरी चाक.' ढालींना मंजुरी देणाऱ्या सरकारी दफ्तरखान्याला टंकलेलं वर्णन हवं होतं. चित्र त्यांचा माणूस वर्णनावरून काढतो. मी टंकायला बसले, चित्राकडे बघितलं. किल्ली तर माझ्या डाव्या हाताला! आणि तू लिहिलंयस उजवीकडे. मला हसू आलं. अगं बाई, म्हटलं, मास्तर प्रेमात पडले आणि डावं-उजवं विसरले. तुझी सभेत फजिती नको म्हणून मी ते गुपचूप दुरुस्त केलं. उजव्याचं डावं, डाव्याचं उजवं. तुला सांगितलंसुद्धा नाही, चिडवायला राखून ठेवलं. त्या दिवशी मी टंकताना गाणं गुणगुणत होते, लुडगर. तुझ्यावर उपकार करतेय अशा थाटात मी तुझा गळा कापत होते.

मंजुरी आली, पण मंजूर चित्राचं नळकांडं हार्टमुटनं उघडूच दिलं नाही. "झेंडा वर चढेल तेव्हाच बघायचं, मास्तर, धीर धरा!" झेंडाही परस्पर शिवून आला. जूनचा रविवार, अग्निशमन दलाचा बँड, लोण्याचा केक, पोरं कुरणात लोळतायत. तुला आठवतं का रे, आपण ठरवलं होतं की नाच सुरू झाला की सगळ्यांना सांगायचं? मी निळा पोशाख घातला होता. झेंडा वर गेला, वाऱ्यानं उलगडला, आणि मानाच्या बाजूला गिरणीचं चाक. मग गिरणीकडच्या टेबलांवरून टाळ्या, मग पाय आपटणं, मग "डराव! डराव!" हार्टमुटचं तोंड बिटासारखं झालं. दफ्तरखान्यातून आलेला गृहस्थ बिचारा उभा राहून सांगत होता की वर्णनाबरहुकूमच आहे, ढाल धरणाऱ्याचं उजवं म्हणजे आपलं डावं. माझ्या शेजारीच बसला होता तो. त्याचं वाक्य संपलं. तेव्हा कळलं मला. सगळ्या तंबूच्या नजरा तुझ्यावर. "विकत घेतला याला बेडकांनी!" "चित्रकलेचा मास्तर, आणि डावं-उजवं कळत नाही!" तू झेंड्याकडे बघितलंस, आणि मग माझ्याकडे. एकदाच. मी केकच्या ताटलीकडे बघत बसले.

सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी मी कचेरी उघडली, फाइलमधून तुझा कागद काढला आणि कोटाच्या आत घातला. हे चुकून नाही झालं. टंकताना झालं ते चुकून, हे मी केलं. मंगळवारी सभा बसली. तू शांतपणे म्हणालास, "माझा कागद काढा, त्यात उजवीकडे किल्ली आहे." हार्टमुट म्हणाला, "गेर्लिंडे, काढ कागद." आणि मी, वीस वर्षं त्या कचेरीत एक स्वल्पविराम न चुकवलेली बाई, म्हणाले, "फाइलमध्ये कागद नाही. मास्तरांनी तोंडीच सांगितलं होतं बहुतेक." बहुतेक! तो शब्द माझ्या जिभेला अजून चिकटलेला आहे. तू माझ्याकडे बघत राहिलास. मग तू म्हणालास, "असेल तसं. माझंच चुकलं असेल." मी ते इतिवृत्तात लिहून घेतलं. माझ्या हातानं.

का केलं म्हणून विचारशील, तर ऐक. सख्खा भाऊ सरपंच, नोकरी त्याच्या हाताखालची, लोक म्हणणार की बहिणीनंच चर्चचा मान घालवला, आणि तोही त्या गिरणीवाल्याच्या नादानं. भ्याले मी. नुसती भ्याले. वाटलं, चार दिवस जाऊ देत, राग ओसरला की सांगू. जुलैत एका गुरुवारी दुपारी तू दाराशी आलास. बदली मागून घेतली होतीस, उत्तरेला, समुद्राकडे. आत आला नाहीस. म्हणालास, "लिंडे, तुला मला काही सांगायचंय?" आणि मी काय म्हणाले? "कॉफी घेणार का?" तू हसलास, नको म्हणालास, आणि पुलावरून गेलास. एवढं सोपं विचारलं होतंस तू. मी एक 'हो' म्हणाले असते तर कदाचित आज आपण दोघं म्हातारे मिळून पावाच्या गाडीची वाट बघत असतो.

पुन्हा मंजुरी घ्यायचा खटाटोप कुणी केला नाही. उलटी ढाल तशीच राहिली, बंबाच्या दारावर, बिअरच्या ग्लासांवर, शाळेच्या फाटकावर. चर्चकडच्यांनी ती बरीच वर्षं घरावर लावली नाही. आणि तुझं काय झालं सांगू? तुझं नाव गावाच्या बोलण्यात रुजलं. कुणी गाडी चुकीच्या बाजूला वळवली की, "लुडगर झालास काय!" पोरानं डावा बूट उजव्या पायात घातला की आई म्हणते, "अरे माझ्या लुडगर!" आता ती पोरं बापे झाली, तुला त्यांनी कधी बघितलेलं नाही, तरी म्हणतात. त्यांना वाटतं, लुडगर म्हणजे गोष्टीतला कुणी वेंधळा. मी पावाच्या रांगेत उभी असते आणि ऐकते. दर वेळी वाटतं, आता बोलावं. आधी म्हटलं, हार्टमुटची निवडणूक होऊ दे. मग आईचं आजारपण निघालं. मग म्हटलं, इतक्या वर्षांनी कशाला, तूही विसरला असशील. स्वतःची समजूत घालण्यात मी फार तरबेज आहे रे. तुझा कागद कपाटात चादरींच्या खाली होता, आणि चादरी बदलताना मी तो न बघता उचलायला शिकले होते.

गेल्या महिन्यात शेवटची गावसभा झाली. शेवटचं इतिवृत्त लिहायला निवृत्त असूनही मलाच बोलावलं, मानानं. नव्या सरपंचबाई म्हणाल्या, कुणाला काही सांगायचंय का, हे आपलं शेवटचंच. मी पेन टेकवून बसले होते, उठायचं ठरवून गेले होते. तेवढ्यात कुणीतरी झेंड्याकडे बोट दाखवून म्हणालं, "जाताना तरी सरळ करा की लुडगरचं!" आणि सगळे हसले. बेडूक हसले, मेणबत्त्या हसल्या. अख्ख्या इतिहासात दोन्हीकडचे एकत्र हसले ते तुला. मी उठले नाही. लिहिलं, 'अन्य विषय नसल्याने सभा समाप्त.'

आणि परवा स्वेन्याचा फोन. तू ल्यूबेकच्या रुग्णालयात गेलास, अकरा नोव्हेंबरला, सकाळी, असं तिनं सांगितलं. राख उल्मेनरोडला न्यावी, असं लिहून ठेवलंयस म्हणाली. कुणाच्या शेजारी, ते लिहिलं नाहीस. मग ती रडता रडता हसली आणि म्हणाली, "मामा दर वाढदिवसाला ती गोष्ट सांगायचे, माझ्या हातून एका गावाचं डावं-उजवं झालं म्हणून. आम्ही पोटं धरून हसायचो. तुम्ही तर तेव्हा कचेरीत होता ना? खरंच एवढी चूक झाली होती त्यांच्याकडून?" म्हणजे तू घरच्यांनासुद्धा सांगितलं नव्हतंस. आणि मी म्हणाले, "हो." ऐकतोयस ना, लुडगर? तू मेल्यावरही मी तुझ्याबद्दल खोटं बोलले. फोन ठेवला आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझ्या नवऱ्याच्या मरणालाही निघाला नव्हता. काल मी तिला परत फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे मला लिहून द्या. शुक्रवारी कबरीपाशी मी वाचते." म्हणून हे पत्र. नाव तुझं आहे, पण ते ती वाचतेय, मोठ्यानं, सगळ्या गावासमोर. हार्टमुट, पहिल्या रांगेत बसलायस ना, नीट ऐक. आल्मुट, तूही. अग्निशमन दलातल्या पोरांनो, तुम्हीही. लुडगरनं काढलेली ढाल बरोबर होती. त्याचा कागद याच पाकिटात आहे, हातोहात फिरवा, अक्षर बघा. चूक मी केली, लपवली मी, आणि त्याला गावातून घालवला तोही मीच. तो मला वाचवून गेला आणि मी त्याला एकदाही वाचवलं नाही. माझं त्याच्यावर प्रेम होतं, हेही मी कुणाला सांगितलं नव्हतं; ते आत्ता सांगते. स्वेन्या बाळा, आता थांब. कागद खाली घे. मी उभी राहते.

तुझीच,
लिंडे